दहा सेकंदांची फळी

कोबेच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत असलेल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक फळी होती. फळी म्हणजे लाकडाची नव्हे, सिमेंटची. पंधरा मीटर लांब, वीतभराहून जेमतेम चार बोटं जास्त रुंद, जमिनीपासून दोन इंच वर. बघायला अगदी गरीब. पण त्या दोन इंचांनी अस्मिताला दोनदा नापास केलं होतं आणि दोन्ही वेळा साऱ्या शाळेने पाहिलं होतं.

तसं तिच्याकडे मोटारसायकलचं लायसन पाच वर्षांपासून होतं, पण चारशे सीसीपर्यंतचंच. त्यावरच्या गाड्या चालवायच्या तर वेगळं 'मोठं' लायसन लागतं आणि त्याच्या परीक्षेत ही फळी असते. लहान लायसनला फळीवर सात सेकंद काढले तरी चालतं, मोठ्याला दहा काढावे लागतात. लवकर पोचण्याचं कौतुक नाही, उशिरा पोचण्याचं आहे. सव्वादोनशे किलोचं धूड, क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलकेच धरलेला, आणि त्यावर आपण बसायचं. संतांनी मन आवरायला सांगितलं आहे ते हेच, फक्त त्यांनी क्लचचा उल्लेख केला नाही.

पहिल्या परीक्षेत अस्मिता शेवटच्या हातभरात घसरली. फळीवरून चाक उतरलं की परीक्षा तिथेच संपते. दुसऱ्या वेळी पडली नाही, पण सातव्या सेकंदालाच पलीकडे पोचली. तिथे पंधरा गुण गेले. त्या धसक्याने पुढच्या वळणावर मागे वळून बघायला विसरली, तिथले दहा गेले. आणखी इकडचे तिकडचे जाऊन पासष्ट उरले. पास व्हायला सत्तर लागतात.

तिचे शिक्षक निशिमुरा-सान पन्नाशीचे, बुटके, आवाज मऊ. 'पटवर्धन' हे आडनाव त्यांच्या तोंडात 'पातोवारुदान' होई आणि म्हणता म्हणता धडा संपे, म्हणून ते सरळ 'अस्मिता-सान' म्हणत. दुसऱ्या परीक्षेनंतर ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"अस्मिता-सान, फळीचा पहिला अर्धा भाग तुम्ही माझ्यापेक्षा चांगला चालवता."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्या अर्ध्यात तुम्हाला कुठली ट्रेन पकडायची असते?"

अस्मिता हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. ट्रेन नव्हती पकडायची. विमान होतं, आणि तेही तिचं नव्हतं.

तिची आई, लीलावतीबाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि सोमवारी परत निघणार होती. वय बहात्तर. कऱ्हाड, पाटण, वाईच्या बाजूला कोणालाही विचारा, एक्कावन्न वर्षं कीर्तन करणारी बाई. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं जानेवारीत ठरली होती. "परत यायचं होईल की नाही कोण जाणे," असं ती एकदाच म्हणाली, तेही भाजी निवडता निवडता.

जपानात आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिने टीव्हीवर बाहुल्यांचा खेळ पाहिला. कमरेएवढ्या उंच बाहुल्या, काळ्या कपड्यांतली माणसं त्या नाचवताहेत, आणि बाजूला एकटा गायक बसला आहे. राजा तोच, राणी तोच, रडणारं मूलही तोच. शेजारी एक जण तीन तारांचं वाद्य छेडतोय. लीलावतीबाई हातातला चहा विसरल्या.

"अगं अस्मे, हे बघ! गाता गाता बोलायला लागला. आणि बोलता बोलता परत सुरात. अगं, हे तर आपलंच की!"

"त्याला जोरुरी म्हणतात, आई. त्या समोरच्या बेटावर अजून होतात त्याचे खेळ."

समोर म्हणजे अगदी समोर. त्यांचं घर माइकोला, बेटाला जोडणाऱ्या पुलाच्या पायथ्याशी. बाल्कनीत उभं राहिलं की अवाजी बेट निळ्या म्हशीसारखं पाण्यात बसलेलं दिसायचं. तीन महिने लीलावतीबाई रोज सकाळी तुळशीऐवजी त्या बेटाकडे तोंड करून जप करत होत्या.

मग न्यायचं की आईला, त्यात काय! पण इथेच मेख होती. बेटावर रेल्वे नाही. बस जाते, आणि लीलावतीबाईंना बस लागायची. नुसती बस नव्हे, चारी बाजूंनी बंद असलेलं रस्त्यावरचं कुठलंही वाहन लागायचं. विमान लागत नसे, रेल्वे लागत नसे, पण मोटारीचं दार लागलं की पोटात कालवायचं. त्यापायी जन्मभर ती कीर्तनाला गेली ती नवऱ्याच्या राजदूत फटफटीवर, मागे बसून. नवरा, सदानंद, तिचा पेटीवाला. पुढे टाकीवर पेटी बांधलेली, मध्ये तो, मागे नऊवारीतली ही, दोन्ही बाजूंना पाय टाकून. लोक हसले तर म्हणायची, "काष्टा काय उगाच घालतात का?"

अस्मिताची अडीचशेची गाडी होती, पण तिची मागची सीट म्हणजे पाटावर वाळत घातलेला पापड. त्या गुडघ्यांनी तिथे दहा मिनिटं बसवलं नसतं. घरात खरी ऐसपैस गाडी एकच, तिच्या नवऱ्याची, प्रसन्नची. नऊशे सीसी, मागे रुंद बैठक, पाठीला टेकायला सामानाचा डबा. प्रसन्न कोबेतल्या एका व्यापारी कंपनीत होता, स्वभावाने नावासारखाच. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आई, मी नेतो तुम्हाला. एका तासाचं तर काम."

लीलावतीबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "प्रसन्नराव, तुम्ही देवमाणूस आहात. पण सासू जावयाच्या कमरेला मिठी मारून पुलावरून निघाली, तर वर तुमचे सासरे पेटी बंद करतील."

म्हणजे गाडी प्रसन्नची, चालवणार अस्मिता, आणि मध्ये ती फळी. आता परीक्षा राहिली होती गुरुवारची. त्यात पास झाली तर शुक्रवारी लायसन, शनिवारी अवाजी. नापास झाली तर पुढची परीक्षा मंगळवारी, आणि सोमवारीच विमान.

दुसऱ्यांदा नापास झाली त्या संध्याकाळी अस्मिता जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर उलटी बसली होती. खुर्चीची पाठ म्हणजे हँडल. डोळे मिटलेले, डावा हात क्लच धरल्यासारखा. ती एका संशोधन संस्थेत पेशींच्या वाढीवर काम करायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली जी बाई धीर सोडत नसे ती इथे घामाघूम झाली होती. प्रसन्न मोबाईलवर वेळ लावून समोर उभा.

"चल. सुरू."

अस्मिता ओठांत पुटपुटू लागली. लीलावतीबाई स्वयंपाकघरात भेंडी पुसत होत्या. जरा वेळाने त्यांचा हात थांबला. मान एका बाजूला कलली. जन्मभर टाळकऱ्यांचे कान धरलेली बाई ती.

"झाले! दहा!" अस्मिता म्हणाली.

"सात पूर्णांक दोन," प्रसन्न म्हणाला.

"शक्यच नाही. तुझा फोन पुढे पळतो."

"फोन जपानी आहे गं, तो कशाला पळेल?"

लीलावतीबाई भेंडी हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय म्हणतेस गं तोंडातल्या तोंडात?"

अस्मिता लाजली. एकेचाळिसाव्या वर्षी आईने चोरी पकडावी तशी. "काही नाही. नाम. दहा वेळा 'रामकृष्ण हरी' म्हटलं की दहा सेकंद होतात. मोजून बघितलंय मी."

"कधी मोजलंस?"

"लॅबमध्ये. शांतपणे."

"म्हण बघू परत. मोठ्याने."

अस्मिताने म्हटलं. पहिलं रामकृष्ण हरी संथ, समईच्या ज्योतीसारखं. दुसरं तसंच. चौथ्याला आवाज जरा चढला. सहाव्याला तिचं डोकं डोलायला लागलं, आठव्याला पायाने ताल धरला आणि शेवटची दोन कधी आली न् कधी गेली कळलंच नाही. लीलावतीबाईंनी भेंडी टेबलावर आपटली आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"अगं वेडे! गजर धरलायस तू! गजर चढणारच! जन्मल्यापासून मांडीवर घेऊन मी तुला गजर ऐकवलाय, तो कधी ज्या लयीत सुरू झाला त्याच लयीत संपलाय का? एका लयीत राहिला तर तो गजर कसला, रेशनची रांग ती!"

प्रसन्न फोन खाली ठेवून बघत राहिला. "म्हणजे दोन परीक्षा हिने देवाच्या नावाने घालवल्या?"

"देवाच्या नावाला दोष देऊ नका, प्रसन्नराव. नाम बरोबरच आहे. नामाने माणूस धावणारच. हिला धावायचं नाही, ही चूक हिची."

अस्मिताला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग खरीच काळजी वाटली. "मग मी काय म्हणू? एक, दोन, तीन मोजलं तर आकडेही पळतात. काहीच न म्हणता बसले तर सगळं लक्ष खाली चाकाकडे जातं. तोंडात काही असल्याशिवाय मला सरळ बसताच येत नाही."

लीलावतीबाई गुडघे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझे बाबा पेटीचा भाता दुरुस्त करत बसायचे ना मध्येच, भर कीर्तनात? तेव्हा मी काय करायचे?"

"बोलायचीस."

"गायचे नाही. टाळही नाही. नुसतं बोलायचे. लोकांना कळू द्यायचं नाही की काही अडलंय. बोलण्याला ठेका नसतो, म्हणून त्याला कुणी पळवू शकत नाही." त्यांनी पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि त्या जेवणाच्या खोलीत, वॉशिंग मशीनच्या घरघरीत, त्यांचा आवाज एकदम शंभर माणसांपुढचा झाला.

"तर मंडळी, घाई कुणालाच नाही. समईत तेल आहे, पेटी सुरात आहे, पोरंबाळं निजली आहेत, आणि ज्याची वाट पाहायची तो निघालेला आहे, येईल सावकाश."

बोलणं सुरू होताच प्रसन्नने वेळ लावली होती, त्याने फोनकडे पाहिलं. "अकरा पूर्णांक तीन."

"अजून एकदा घ्या वेळ."

अकरा पूर्णांक चार. तिसऱ्यांदा अकरा पूर्णांक दोन. वॉशिंग मशीन शिट्टी मारून थांबलं तरी कुणी उठलं नाही. अस्मिताने त्या रात्री झोपेपर्यंत ते वाक्य सत्तर वेळा म्हटलं. दर वेळी प्रसन्न झोपेतच "हं" म्हणत राहिला, कीर्तनातल्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा.

नापास झालेल्याला एक जादा धडा घ्यावाच लागतो. बुधवारच्या त्या धड्यात निशिमुरा-सान काहीच बोलले नाहीत. फक्त तिसऱ्या खेपेला त्यांनी हातातलं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

गुरुवारी लीलावतीबाई ट्रेनने आणि मग चढण चढून, अर्ध्या वाटेवर तीनदा बसून, शाळेत पोचल्या. प्रसन्नने अर्धी सुट्टी काढली होती. परीक्षा सुरू व्हायच्या आधी कुणाचं लक्ष नसताना बाईंनी पिशवीतून बुक्क्याची डबी काढली आणि अस्मिताच्या वाट्याला आलेल्या सात नंबरच्या गाडीच्या टाकीला बोट टेकवलं. देवाघरचा काळा, सुगंधी बुक्का.

दोन मिनिटांनी निशिमुरा-सान गाड्या तपासत आले, टाकीवरचा काळा डाग पाहून चमकले, वाकून खाली तेल गळतंय का बघितलं, बोटाने डाग पुसला, वास घेतला, आणि बुचकळ्यात पडून पुन्हा वास घेतला.

प्रसन्न कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, त्यांनी पुसलं ते."

"पुसू देत," लीलावतीबाई म्हणाल्या. "आता त्यांच्या बोटाला लागला. आणखी चांगलं."

वरच्या मजल्यावर काचेची लांब खोली होती. तिथून सगळं मैदान दिसायचं. परीक्षार्थींची माणसं चिडीचूप बसलेली. परीक्षक वेगळे होते, पांढऱ्या केसांचे, चेहऱ्यावर काहीही न उमटू देणारे. अस्मिताची पाळी चौथी. तिने आरसे बघितले, मागे वळून बघितलं, सुटली. नागमोडी वळणं नीट गेली. एकदम थांबायचं होतं तिथे थांबली. आणि मग फळी आली.

फळीपुढे तिने गाडी उभी केली. हेल्मेटच्या आत तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता. मैदानाच्या टोकाला एक उंच दिव्याचा खांब होता. तिने नजर तिथे टेकवली, क्लच सोडला आणि पुढचं चाक वर चढलं.

तर मंडळी, घाई कुणालाच नाही.

चाक डावीकडे कलतंय हे तिला कंबरेतून कळलं. खाली बघावंसं वाटलं. पण कीर्तनकार कधी पायाकडे बघतो का? तो पहिल्या रांगेच्या डोक्यांवरून मागच्या रांगेकडे बघतो. समईत तेल आहे. उजवा पाय ब्रेकवर किंचित अधिक. पेटी सुरात आहे. गाडी थरारली, जणू ठसका लागला, आणि इंजिन बंद पडतंय की काय असं वाटलं. अस्मिताने क्लच केसभर मागे घेतला. पोरंबाळं निजली आहेत. हे म्हणताना का कोण जाणे, तिला देवळाच्या खांबाला टेकून निजलेली पाच वर्षांची ती स्वतः दिसली, आणि खांदे आपोआप सैल झाले. आणि ज्याची वाट पाहायची तो निघालेला आहे...

चाक खाली उतरलं. पुढचं, मग मागचं. फळी संपली होती, वाक्य नव्हतं. आता उजवा दिवा लावून वळायचं होतं, पण वाक्य अर्धवट टाकायला तिचा जीव होईना. "येईल सावकाश," एवढं म्हणून मग तिने दिवा लावला. त्या उशिराचे पाच गुण गेलेच.

वरच्या काचेच्या खोलीत लीलावतीबाईंनी दोन्ही हात उंचावले होते आणि तोंड उघडलं होतं. प्रसन्नने चपळाईने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, म्हणून जपानी शांतता वाचली.

अर्ध्या तासाने परीक्षकांनी नावं वाचली. अस्मिता, पंच्याऐंशी गुण. मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, "फळीवर बारा पूर्णांक एक सेकंद. आज सर्वांत जास्त. एक विचारू का? तुमचं हेल्मेट सारखं हलत होतं. काय बोलत होता?"

अस्मिता गोंधळली. "म्हणत होते की... घाई नाही. सगळं तयार आहे. येणारा निघाला आहे, येईलच."

परीक्षकांनी थोडा विचार केला. "म्हणजे स्टेशनवर गाडी येण्याआधी सांगतात तसं?"

"हो," अस्मिता म्हणाली. "जवळजवळ तसंच."

निशिमुरा-सान मागे उभे होते. "शेवटी ट्रेनच निघाली," असं ते इतक्या हळू म्हणाले की फक्त तिलाच ऐकू गेलं. बोटाचा वास त्यांनी अजून एकदा घेतला.

शनिवारी सकाळी माइकोच्या त्या गल्लीत शेजारच्या दोन म्हाताऱ्या कचऱ्याच्या पिशव्या हातात धरूनच थबकल्या. प्रसन्नच्या गाडीवर मागे एक आजीबाई बसत होती. हिरवी नऊवारी, काष्टा घट्ट, वर जावयाचं काळं जाकीट, डोक्यावर लाल हेल्मेट. एक पाय टाकायला अस्मिताने स्टूल दिलं, दुसरा तिने स्वतःच टाकला. गुडघा दुखला असणार, पण तोंडातून 'हरी'शिवाय काही निघालं नाही. प्रसन्नची गाडी गेल्यामुळे आणि अस्मिताची अडीचशेची दुरुस्तीला असल्यामुळे तो बिचारा बसने यायला निघाला होता.

पुलावर वारा आडवा होता. खाली जहाजं मुंग्यांसारखी. अस्मिताच्या कमरेभोवती आईचे हात, लहान, घट्ट, बांगड्या जाकिटात अडकलेल्या. पूल संपताना पाठीवर थाप पडली. अस्मिताने वेग कमी केला. "काय झालं? लागतंय का?"

"छे! एवढंच सांगायचं होतं की मला काही होत नाहीये!"

फुकुरा गावातल्या त्या नाट्यगृहात गर्दी बेताची होती. प्रसन्न आधीच येऊन बसला होता, चेहरा जरा पांढरा. बसमध्ये त्यालाच मळमळलं होतं, पण सासूबाईंना सांगायचा धीर होईना.

पडदा उघडला. बाजूच्या उंच बैठकीवर गायिका येऊन बसली, साठीची बाई, करड्या किमोनोत. तिच्यापुढे पोथी होती. तिने ती पोथी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली, डोकं वाकवलं आणि मगच उघडली.

लीलावतीबाईंचे हात आपोआप जुळले. पुढचा तास त्यांनी एक अक्षरही न कळता ऐकलं. बाहुली आईपासून ताटातूट झालेलं लेकरू होती एवढं मात्र त्यांनी अस्मिताला न विचारता ओळखलं, आणि योग्य जागी पदराला डोळे पुसले.

खेळ संपल्यावर ती गायिका दाराशी निरोपाला उभी राहिली. लीलावतीबाईंनी तिचा हात धरला तो सोडेचनात. "विचार त्यांना, घसा बसला तर काय घेतात?"

"मुळ्याचा रस, मधात मुरवलेला," अस्मिताने भाषांतर केलं.

"मुळा!" लीलावतीबाईंनी कमरेच्या पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून तिच्या हातावर ठेवली. गायिकेने वास घेतला, तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग दोघींनी बोटांनी वर्षं सांगितली. इकडून एक्कावन्न, तिकडून चव्वेचाळीस. तिने वाकून नमस्कार केला, हिने तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. अस्मिताला भाषांतर करायला काही उरलं नाही.

बाहेर ऊन तिरपं झालं होतं. प्रसन्न घड्याळ बघत म्हणाला, "माझी बस साडेतीनची. तुम्ही आलात तशाच हायवेने जा, सव्वा तासात घरी."

लीलावतीबाई हेल्मेटचा पट्टा बांधून घेत होत्या. हनुवटी वर, डोळे समुद्राकडे.

"दुसरा रस्ता नाही का गं?"

"आहे. पश्चिमेच्या किनाऱ्याने. पण त्याला दीड तास जास्त लागेल, आई. तुझे गुडघे..."

"गुडघे जानेवारीत बदलणारच आहेत. आत्ताचे वापरून घेते." त्यांनी पाय टाकला, नऊवारी सारखी केली आणि लेकीच्या कमरेला धरलं. "प्रसन्नराव, सांभाळून या हो. खिडकीपाशी बसा, आणि तोंडात लवंग धरा. चेहरा बघितला मी मघाशी."

अस्मिताने आरसा बघितला, मागे वळून बघितलं, आणि डावा दिवा लावून किनाऱ्याकडे वळली.